इंजिनाच्या कामानंतर गाडी गळतेय? पाना उचलण्याआधी पुठ्ठा अंथरा

हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील करणारी पट्टी) बदलून गाडी घरी आली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्याखाली शर्टाच्या बटणाएवढा काळा डाग दिसला. बॉनेट उघडलं तर कूलंटच्या टाकीतली पातळीही बोटभर उतरलेली. मी मनातल्या मनात हेड पुन्हा उतरवलं. दोघा मेकॅनिकना दाखवलं. एकाने वाकून पाहिलं आणि ‘मागचं मेन सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ असं सांगून टाकलं. हे सील क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला, गिअरबॉक्सच्या बाजूला असतं. दुसरा म्हणाला, हेडच वाकलंय.

आठवडाभराने उलगडा झाला. टॅपेट कव्हरचं, म्हणजे हेडवरच्या झाकणाचं, रबरी गॅस्केट मागच्या एका कोपऱ्यात खोबणीतून निसटून मुडपलं होतं. तिथून निघालेलं ऑइल ब्लॉकच्या पाठीवरून ओघळत खाली गिअरबॉक्सच्या तोंडाशी येऊन टपकत होतं. कूलंट तर गळतच नव्हतं. आत अडकलेली हवा हळूहळू बाहेर पडत होती आणि तिची जागा कूलंट घेत होतं, एवढंच.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: माणसाचा हात जिथे लागला तिथून शोध सुरू करायचा. न उघडलेला भाग नेमका कामानंतरच्या आठवड्यात बिघडणं क्वचित घडतं. उघडून पुन्हा बसवलेला सांधा नीट न बसणं मात्र अगदी नेहमीचं. अपवाद एकच. कूलिंगमध्ये आधी दाब टिकत नव्हता आणि दुरुस्तीनंतर टिकू लागला, तर जुने होज पाइप किंवा रेडिएटर यांची झाकलेली कमजोरी उघडी पडते.

हाताशी काय हवं

स्वच्छ मोठा पुठ्ठा, पांढऱ्या सुती चिंध्या, टॉर्च, दांडीवरचा छोटा आरसा, ब्रेक क्लीनर किंवा डीग्रीझर, हातमोजे, खडू किंवा मार्कर, वही आणि फोनचा कॅमेरा. गाडीखाली जायचं असेल तर जॅक स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका. कूलंटच्या गळतीसाठी हातपंपाचा प्रेशर टेस्टर मिळाला तर निम्मं काम होतं. यूव्ही टॉर्च आणि तिच्या उजेडात चमकणारा रंग (डाय) शेवटी लागला तर लागेल.

कागदांपैकी गॅरेजचं बिल, बदललेल्या पार्टची यादी आणि गाडीचं मॅन्युअल जवळ ठेवा. कोणत्या ग्रेडचं ऑइल किती लिटर, कोणतं कूलंट किती लिटर, हे मॅन्युअलमध्ये असतं आणि पुढे ते लागणार आहे.

१. गाडी चालवण्यासारखी आहे का ते ठरवा

शोधाच्या नादात इंजिन गमावू नका. पुढचं काहीही दिसलं तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा:

- ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला. ‘पुढच्या चौकापर्यंत जाऊ’ हा विचारही नको. बेअरिंगला ऑइल मिळालं नाही की काही मिनिटांत खेळ संपतो.
- तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे गेला, किंवा हीटर चालू असताना अचानक थंड हवा येऊ लागली. दुसरं लक्षण लोक सोडून देतात. हीटरपर्यंत गरम कूलंट पोचत नाही, म्हणजे ते कमी झालंय किंवा मध्ये हवा अडकली आहे. अशा वेळी तापमानाचा सेन्सरही कोरडा पडलेला असू शकतो आणि काटा खोटं सांगतो.
- डिपस्टिकवरचं (ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीवरचं) ऑइल दुधाळ, कॉफीसारखं दिसतंय.
- ऑइल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे जळालेला वायू इंजिनातून बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांवर, टपकतंय. इथे आगीचा धोका आहे.

गरम इंजिनावर रेडिएटरचं किंवा टाकीचं झाकण उघडू नका. बहुतेक गाड्यांत ही यंत्रणा साधारण १ ते १.५ बार दाबाखाली असते, त्यामुळे १०० अंशांच्या वर गेलेलं कूलंटही आत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो, ते क्षणात उकळतं आणि तोंडावर येतं. वरचा होज पाइप हाताला थंड आणि मऊ लागेपर्यंत थांबा. आणखी एक: इंजिन बंद असलं तरी रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा आपोआप सुरू होऊ शकतो. बोटं लांब ठेवा.

२. काय काय उघडलं होतं याची यादी मिळवा

ज्याने काम केलं त्याला फोन करून एवढंच विचारा: ‘कोणकोणते पार्ट उतरवले होते? कोणती गॅस्केट, सील, ओ-रिंग नवी टाकली आणि कोणती जुनीच बसवली?’ आवाजात आरोप नको. आरोप ऐकू आला की माणूस सगळं नवं टाकलं म्हणतो.

बिलावर ‘हेड गॅस्केट’ एवढंच लिहिलेलं असतं, पण ते बदलायला दोन्ही मॅनिफोल्ड, टॅपेट कव्हर, टायमिंगचा भाग, थर्मोस्टॅटचं (कूलंटची वाट उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या झडपेचं) हाउसिंग, तीन-चार होज पाइप आणि दोन-तीन सेन्सर निघतात. यातला प्रत्येक सांधा संशयित. वहीत एकाखाली एक लिहा. इंजिनाचा एक फोटो काढून त्यावर खुणा केल्या तर आणखी बरं.

टायमिंगकडे हात गेला असेल तर कॅमशाफ्ट आणि क्रँकशाफ्टची पुढची सीलं यादीत घाला. वॉटर पंप निघाला असेल तर त्याचं गॅस्केट. आणि ऑइल फिल्टर तर हमखास. त्याविषयी पुढे येतंच.

३. पातळी मोजा, खूण करा, लिहून ठेवा

रोज एकाच वेळी, सपाट जागेवर, थंड इंजिनावर. सकाळची वेळ उत्तम. टाकीवर मार्करने रेघ ओढा आणि शेजारी तारीख टाका. ऑइलसाठी डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि मग वाचा. बऱ्याच छोट्या गाड्यांत वरच्या आणि खालच्या खुणेत सुमारे १ लिटरचा फरक असतो, त्यावरून किती गेलं याचा अंदाज बांधता येतो. ऑइल वरच्या खुणेच्याही वर भरलेलं असेल तर आधी ते काढा. जादा भरलेलं ऑइलही सीलमधून वाट काढतं.

कूलंटचं गणित थोडं निराळं आहे. पूर्ण रिकाम्या केलेल्या इंजिनात नवं कूलंट भरलं की हेडच्या कोपऱ्यांत, हीटरच्या नळ्यांत हवा राहते. पहिले दोन-तीन वेळा गाडी पूर्ण गरम होऊन थंड झाली की पातळी उतरते आणि मग स्थिरावते. पहिल्या दिवशी बोटभर, दुसऱ्या दिवशी त्याच्या निम्मी, तिसऱ्या दिवशी नाही, असा उतार दिसला तर ती हवा. रोज तेवढीच उतरत राहिली तर ती गळती. माझ्या वहीतले चार आकडे त्या दोघांच्या निदानापेक्षा खरे निघाले ते यामुळेच.

हवा काढायची रीत: इंजिन थंड असताना गाडीचं तोंड थोडं चढावर ठेवा, झाकण उघडा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा हळू ठेवून इंजिन सुरू करा. ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) असेल तर बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत तो सैल ठेवा. साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान थर्मोस्टॅट उघडतो, वरचा होज गरम होतो आणि पातळी एकदम खाली जाते. तेवढी भर घाला. झाकण लावून गाडी पूर्ण थंड होऊ द्या आणि पुन्हा बघा. काही मॉडेलची रीत वेगळी असते, म्हणून मॅन्युअल आधी वाचा. भर घालताना तेच कूलंट वापरा. रंग जुळला म्हणजे रसायन जुळलं असं नाही.

४. पुठ्ठा अंथरा आणि थेंब ओळखा

रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा. त्यावर पुढच्या दोन्ही चाकांच्या जागा आखून घ्या, म्हणजे सकाळी डाग इंजिनाच्या नेमक्या कोणत्या भागाखाली पडला ते कळतं. डागाभोवती पेनाने गोल करून तारीख लिहा. जमिनीवरचे डाग नवे की जुने हा वाद पुठ्ठ्यावर होत नाही.

आता थेंबाची ओळख. इंजिन ऑइल तपकिरी किंवा काळं, बोटांत सुळसुळीत. नुकतंच बदललं असेल तर मधाच्या रंगाचं आणि त्यामुळे चकवणारं. कूलंट हिरवं, गुलाबी, नारिंगी किंवा निळं, पाण्यासारखं पातळ पण वाळताना चिकट, वासाला गोडसर. लालसर तेल बहुधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं. फिकट पिवळं, रंगाचा पापुद्रा काढणारं असेल तर ब्रेक फ्लुइड. ती गाडी चालवू नका, थेट गॅरेजला बोलवा. बिनवासाचं, बिनरंगाचं पाणी डाव्या सीटच्या अंगाला पडलं असेल तर एसीचं असतं. त्यात काही बिघडलेलं नाही.

कूलंट चाखून बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चव गोड. त्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात. सांडलेलं लगेच पुसा आणि चिंधी झाकणाच्या डब्यात टाका.

५. धुवा

ही पायरी सगळ्यांना कंटाळवाणी वाटते, मलाही वाटली. म्हणून तर आठवडा गेला.

हेड उतरवताना ब्लॉकमध्ये उरलेलं कूलंट आणि ऑइल सांडतंच. ते इंजिनाच्या खाचांत, गिअरबॉक्सच्या कडेला, खालच्या प्लास्टिकच्या पत्र्यात साचून राहतं आणि पुढे कित्येक दिवस टपकतं. एक्झॉस्टवर सांडलेलं जळून धूर येतो, वास येतो. नव्या माणसाला वाटतं इंजिन पेटलं. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासाच्या प्रवासात हा धूर कमी होत होत थांबला तर काळजी नको. जुना चिखल तसाच ठेवून नवी गळती शोधणं म्हणजे भिजलेल्या भिंतीवर ओल शोधणं.

खालचा पत्रा उतरवा आणि वेगळा धुऊन वाळवा. इंजिन थंड असू द्या. अल्टरनेटर, कॉइल, फ्यूज बॉक्स आणि हवेच्या फिल्टरचं तोंड प्लास्टिकने झाका. डीग्रीझर मारा, ब्रशने घासा, पुसा. जोरदार फवाऱ्याचं पाणी सेन्सरच्या जोडांत शिरतं, म्हणून तो टाळा. जिथे ओलावा चालणार नाही तिथे ब्रेक क्लीनर आणि चिंधी. ब्रेक क्लीनर पेट घेतो, त्यामुळे गरम एक्झॉस्टजवळ मुळीच नाही. टायमिंग बेल्टवर आणि रबरी पट्ट्यांवर काहीही उडू देऊ नका. त्या आधीच ऑइलने भिजलेल्या असतील तर पुसून भागत नाही, बदलाव्या लागतात.

सगळं कोरडं झाल्यावर संशयित सांध्यांच्या खाली टाल्कम पावडरचा हलका थर द्या. पांढऱ्यावर ऑइलची पहिली रेघ उमटते आणि ती कुठून निघाली ते दिसतं. मग इंजिन पाच मिनिटं चालवा, बंद करा, बघा. पुन्हा पंधरा मिनिटं, बघा. नंतर दहा-एक किलोमीटरची चक्कर आणि परत बघा. तासभर गाडी पळवून एकदम पाहिलं तर सगळीकडे पसरलेलं असतं आणि धुण्याची मेहनत वाया जाते.

६. ऑइलचा माग: सर्वांत वरचा ओला भाग शोधा

ऑइल खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जातं. थेंब जिथे पडतो ती जागा म्हणजे ओघळाचं शेपूट. तोंड वर आणि बहुधा पुढे असतं. टॉर्च आणि आरसा घेऊन खालून वर चढत जा. जिथे ओल संपते आणि त्याच्या वर धातू कोरडा आहे, तिथे थांबा. बोट फिरवा, मागच्या बाजूलाही.

मी या क्रमाने पाहतो:

टॅपेट कव्हर. मागचे कोपरे आणि अर्धगोल रबरी तुकडे. स्पार्क प्लगच्या विहिरीत ऑइल साठलं असेल तर नळ्यांची सीलं चुकलीत. इंजिन झटके देत असेल तर आधी इथेच बघा. घाईत बोल्ट आवळत सुटू नका. या बोल्टना बऱ्याच इंजिनांत जेमतेम ८ ते १० न्यूटन मीटर टॉर्क असतो. त्याहून जास्त आवळलं की गॅस्केट बाहेर दाबलं जातं आणि गळती वाढते.

ऑइल फिल्टर. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहते आणि तिच्यावर नवा फिल्टर बसतो. दोन रिंगांचा हा सांधा कधीही सुटतो आणि मग थेंब नव्हे, धार लागते. फिल्टर काढून पाहायला पाच मिनिटं पुरतात.

ड्रेन प्लगचा वॉशर, ऑइल प्रेशर स्विच, टायमिंग कव्हर आणि चेंबरची (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीची) कड. कव्हर किंवा चेंबर सिलिकोनने बसवलं असेल तर ते पूर्ण वाळायला बऱ्याचदा २४ तास लागतात. त्याआधी ऑइल भरून गाडी दिली असेल तर कडेने घाम सुटतो. सिलिकोनचा जाड थर बाहेर दिसत असेल तर तेवढाच आतही असतो, आणि आतला तुकडा सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतो. यात गळतीपेक्षा मोठी जोखीम आहे.

एकाच वेळी तीन-चार ठिकाणी ऑइल दिसायला लागलं तर सीलांना दोष देण्याआधी क्रँककेसची, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीची, हवा बाहेर नेणारी नळी बघा. काम करताना ती उलटी बसली, दुमडली किंवा तिचा व्हॉल्व्ह बंद पडला की आत दाब वाढतो आणि चांगली सीलंही गळू लागतात.

हे सगळं कोरडं निघालं तरच मागच्या मेन सीलचं नाव घ्या.

७. कूलंटचा माग: थंड इंजिनावर दाब द्या

कूलंट पकडायला कठीण, कारण गरम इंजिनावर ते थेंब व्हायच्या आधी वाळतं. मागे राहतो खडूसारखा पांढरट किंवा हिरवट-गुलाबी खरवडा. तो शोधा. थर्मोस्टॅट हाउसिंगच्या कडा, सेन्सरची मुळं, होज पाइपची टोकं, रेडिएटरचा खालचा प्लग आणि प्लास्टिक-अॅल्युमिनियमचा सांधा, वॉटर पंपाच्या पोटातलं बारीक भोक. पंपाच्या या भोकाखाली नव्या सीलच्या सुरुवातीला जरासा ओलसरपणा येऊ शकतो. टिपटिप चालू राहिली तर पंप गेला.

प्रेशर टेस्टर असेल तर थंड इंजिनावर तो झाकणाच्या जागी लावा आणि झाकणावर छापलेल्या दाबाइतकंच पंप करा, जास्त नाही. पंधरा मिनिटं काटा जागच्या जागी राहिला पाहिजे. उतरत असेल तर टॉर्च घेऊन वरची ठिकाणं पुन्हा पाहा. आता थेंब गरमीने वाळणार नाही. झाकणही टेस्टरवर लावून तपासा. स्प्रिंग थकलेलं झाकण ठरलेल्या दाबाआधीच कूलंट बाहेर सोडतं, आणि बिचारं गॅस्केट बदनाम होतं.

फक्त सकाळच्या गारव्यात गळतं आणि गरम झाल्यावर थांबतं? क्लॅम्प. जुन्या होजवर आधीच्या क्लॅम्पचा वळ उमटलेला असतो. क्लॅम्प त्या वळावर न बसता तिरका बसला की हे होतं. पाइपवर दाबून बसलेली चिमटा-क्लिप काढून त्याजागी स्क्रूची लावली असेल तरीही, कारण थंडीत रबर आकसतं आणि स्क्रूची क्लिप त्याच्याबरोबर आवळली जात नाही.

पायाखालचा गालिचा चिकट ओला, आत गोडसर वास आणि पुढच्या काचेवर तेलकट धुकं, असं असेल तर बॉनेटखाली शोधू नका. हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर) किंवा त्याचे जोड गळतायत.

८. बाहेर कोरडं, तरी पातळी उतरतेय

आता गॅस्केटचा संशय घ्यायला हरकत नाही. पण पुरावा लागेल.

थंड इंजिन सुरू करून मिनिटभरात वरचा होज दाबा. अजून गरम झालेला नसताना तो दगडासारखा कडक असेल तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतोय. टाकीत सतत बुडबुडे दिसणं हीही त्याचीच खूण, मात्र हवा पूर्ण काढल्यावर दिसले तरच.

पांढऱ्या धुराबद्दल सांभाळून बोला. थंड सकाळी वाफ सगळ्याच गाड्या सोडतात. शिवाय गॅस्केट गेलेलं असताना सायलेन्सरमध्ये शिरलेलं कूलंट दुरुस्तीनंतरही काही फेऱ्यांपर्यंत वाफ होऊन निघत राहतं. गरम इंजिनावर रोज, गोड वासासकट धूर येत असेल तरच तो हिशेबात धरा. ऑइलच्या झाकणाखालच्या पिवळसर सायीचंही तसंच: जवळच्या जवळ चालणाऱ्या गाडीत ती नुसत्या दमटपणाने धरते. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल तर मात्र इंजिन सुरूच करू नका.

खात्रीसाठी ब्लॉक टेस्ट सांगा. टाकीच्या तोंडावर नळी धरून वरची हवा एका निळ्या द्रवातून ओढतात. पेट्रोल इंजिनात तो पिवळा पडला तर जळालेला वायू कूलंटमध्ये आहे. नळीत हवेऐवजी कूलंटच ओढलं गेलं तर ती चाचणी बाद. कोणता सिलिंडर हे कळायला लीक-डाउन चाचणी लागते, म्हणजे एकेका सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून ती कुठून निसटते ते पाहतात.

कूलंटवर तेलाचा तवंग आला आणि ऑइल मात्र स्वच्छ असेल तर गॅस्केटआधी ऑइल कूलर तपासा. चालत्या इंजिनात ऑइलचा दाब कूलंटपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून तिथे भेग पडली की ऑइल पलीकडे जातं.

गळती बुजवायचं बाटलीतलं औषध टाकायचा मोह होईल. टाकू नका. ते भेग आणि हीटरच्या बारीक नळ्या यांत फरक करत नाही, आणि पुढच्या मेकॅनिकला माग काढणंही अवघड करून ठेवतं.

एवढं करूनही सापडलं नाही तर यूव्ही डाय. ऑइलचा वेगळा, कूलंटचा वेगळा. टाकल्यावर शंभरेक किलोमीटर गाडी चालवा आणि अंधारात टॉर्च मारा.

९. गॅरेजमध्ये काय घेऊन जायचं

पातळीची वही, तारखांचा पुठ्ठा, ओल्या जागेचे फोटो: एक लांबून, एक जवळून. ‘गाडी गळते’ म्हणू नका. ‘टॅपेट कव्हरच्या मागच्या डाव्या कोपऱ्यातून, गरम झाल्यावर, धुतल्यापासून दुसऱ्या दिवशी’ असं सांगा. सापडलेला सांधा स्वतः खोलायची घाई करू नका. कामाची वॉरंटी असेल तर दुसऱ्याचा पाना लागल्यावर वाद होतो.

पुन्हा बसवताना शक्यतो समोर उभे राहा. दोन्ही पृष्ठभाग कोरडे आणि स्वच्छ केले का, जुनं गॅस्केट परत लावत नाहीत ना, बोल्ट मधून बाहेर टप्प्याटप्प्याने टॉर्क रेंचने आवळले का, एवढं बघा. हेडचे बोल्ट बऱ्याच इंजिनांत एकदाच वापरायचे असतात, ते नवे आहेत ना हेही विचारा.

माझ्या गाडीचं टॅपेट कव्हर उचललं तेव्हा मागच्या खोबणीत जुन्या सिलिकोनचा वाळलेला खडा निघाला, नखाच्या कडेएवढा. गॅस्केट त्याच्यावर चढून मुडपलं होतं. मेकॅनिकने तो काडीने उकरून माझ्या तळहातावर ठेवला आणि काही न बोलता खोबण पुसायला घेतली. पुठ्ठा मी आणखी पंधरा दिवस गाडीखाली ठेवला. त्यावर एसीच्या पाण्याचे तेवढे डाग पडले.